ऑफर आली, पण आकडा मनासारखा नाही

*ताई, नमस्कार. गेली ७ वर्षं मी खरेदी विभागात काम करते. दिवसभर पुरवठादारांशी दर ठरवणं हेच माझं काम. आता दुसऱ्या कंपनीची ऑफर आली आहे. काम मोठं आहे. चार जणांची टीम माझ्या हाताखाली असेल आणि दोन गोदामांची खरेदी माझ्याकडे. पहिल्याच फोनवर एचआरने सध्याचा पगार विचारला आणि मी सांगून टाकला. माझा आजचा पगार १०० धरला तर ऑफर ११२ ची आहे. त्यातले १२ कामगिरीवर अवलंबून आहेत. याच क्षेत्रातली एक मैत्रीण म्हणते, अशा जागेला १२५ ते १४० मिळतात. उत्तर द्यायला १० दिवस आहेत. जास्त मागावं असं वाटतं, पण मागितलं तर ऑफरच काढून घेतील अशी भीती वाटते. हावरट समजतील असंही वाटतं. नवरा म्हणतो, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस. कंपनीसाठी घासाघीस करताना जीभ अडखळत नाही, स्वतःसाठी मात्र तोंडच उघडत नाही. काय करू?*
*– अडलेली*

प्रिय अडलेली,

मुदत दहाच दिवसांची होती म्हणून हे उत्तर तुला आधी खासगीत पाठवलं. तुझ्या परवानगीने आता सगळ्यांसाठी इथे देते आहे, कारण याच अर्थाची पत्रं मला सारखी येतात.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. ‘त्यातले १२ कामगिरीवर अवलंबून आहेत.’ तू ते जाता जाता लिहून गेलीस, पण माझी नजर तिथेच अडकली. तुझे आजचे १०० सगळे ठरलेले आहेत का, असं मी तुला उलट विचारलं. तू म्हणालीस, हो, दर महिन्याला ठरल्याप्रमाणे जमा होतात. मग आता हिशोब कर. ११२ मधून १२ वजा केले की उरतात १००. म्हणजे चार माणसं सांभाळायची, दोन गोदामांची जबाबदारी घ्यायची, ओळखीची जागा सोडून नव्या ठिकाणी पहिल्यापासून स्वतःला सिद्ध करायचं, आणि खात्रीने हातात येणार तेवढेच जेवढे आज येतात. वरचे १२ मिळतील, नाही मिळतील, अर्धे मिळतील. ते कोण ठरवणार आणि कशावरून ठरवणार, हे तुला अजून कोणी सांगितलेलं नाही.

तू रोज पुरवठादारांचे दरपत्रक वाचतेस. एखाद्याने ‘एकूण ११२’ लिहून खाली बारीक अक्षरात अटी घातल्या असत्या तर तू त्याला तिथेच थांबवलं असतंस. स्वतःच्या ऑफरला तू ती नजर लावली नाहीस. यात तुझा दोष नाही. ऑफर येते तेव्हा आनंदाने माणसाचं डोकं हलकं होतं आणि सगळ्यांत वरचा, ठळक आकडाच तेवढा दिसतो.

म्हणून पहिली गोष्ट: सगळं लेखी माग. ठरलेला भाग किती, बदलता किती, बदलत्या भागाचे निकष काय, तो वर्षातून कितीदा देतात, मधल्या काळात नोकरी सोडली तर त्याचं काय होतं, पगारवाढ कधी आणि कोणत्या आकड्यावर धरतात. आणखी एक प्रश्न जरूर विचार: याच जागेवर किंवा याच विभागात गेल्या वर्षी या बदलत्या भागाचे प्रत्यक्षात किती टक्के मिळाले? उत्तर सरळ आलं तर तो आकडा थोडाफार धरून चालता येईल. उत्तर टाळलं तर तो आकडा शून्य समजून निर्णय घे. आणि सहीचं ऑफर लेटर हातात पडेपर्यंत आजच्या नोकरीचा राजीनामा द्यायचा नाही, कोणी कितीही घाई केली तरी.

आता तुझ्या भीतीबद्दल. मी अठरा वर्षं टेबलाच्या पलीकडे बसले आहे. माणसं निवडली, ऑफर दिल्या, वाढीव आकड्यांना मंजुरी मिळवण्यासाठी वरिष्ठांच्या दारात उभी राहिले. तिथून काय दिसतं ते सांगते. एका जागेसाठी ऑफर निघते तोवर कंपनीचे काही आठवडे, कधी काही महिने गेलेले असतात. ढीगभर अर्ज चाळलेले असतात, मुलाखतींच्या तीन-चार फेऱ्या झालेल्या असतात, आणि ज्या विभागात जागा रिकामी आहे तिथला प्रमुख रोज विचारत असतो की माणूस कधी येणार. तू हो म्हणालीस की सगळ्यांचा जीव भांड्यात पडणार असतो. तू नाही म्हणालीस तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. अशा वेळी नीट शब्दांत, एकदा जास्त मागितलं म्हणून कोणाची ऑफर काढून घेतल्याचं माझ्या अठरा वर्षांत मला आठवत नाही. फार तर ‘जमणार नाही’ असं उत्तर गेलं, आणि जुनी ऑफर तशीच राहिली. बिनसलेली प्रकरणं मी पाहिली आहेत, पण तिथे माणसाने आधी हो म्हटलं, मग मागितलं, ते मिळाल्यावर पुन्हा मागितलं. शब्द फिरवणं लोकांना खटकतं, मागणं खटकत नाही.

आणि नवऱ्याला सांग, म्हण त्यांची बरोबर आहे, फक्त ती उलट्या बाजूला लावली आहे. हातचं म्हणजे तुझी आजची नोकरी. ती आहेच, कोणी काढून घेत नाही. ऑफर अजून पळती आहे. तुझी आजची नोकरी वाईट आहे, असं तू पत्रात कुठेही लिहिलेलं नाहीस. हीच तुझी सगळ्यांत मोठी ताकद. जिला परत जायला बरी जागा आहे, तिला शांतपणे बोलता येतं.

हावरट समजतील याची भीती मात्र मी उडवून लावणार नाही, कारण ती निव्वळ मनाचा खेळ नाही. हॅना रायली बोल्स, लिंडा बॅबकॉक आणि लेई लाय यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की तीच मागणी पुरुषाने केली त्यापेक्षा बाईने केली तर तिच्याबद्दलचं मत जास्त बिघडतं. हे अन्यायाचं आहे आणि ते वाचताना मला दर वेळी राग येतो. पण दुसरीही एक गोष्ट आहे, आणि ती अगदी तुझीच आहे. एमिली अमानतुल्ला आणि मायकेल मॉरिस यांनी २०१० मध्ये दाखवून दिलं की स्वतःसाठी बोलताना बायका मागणी खाली आणतात, पण त्याच बायका दुसऱ्या कोणासाठी बोलत असल्या की पुरुषांइतक्याच ठामपणे बोलतात. म्हणजे कौशल्य तुझ्यात आहे, तू ते रोज वापरतेस, फक्त आपल्या नावावर वापरायला संकोचतेस.

तिसरा एक प्रयोग मला फार आवडतो. आंद्रियास लाइबब्रांट आणि जॉन लिस्ट या अर्थतज्ज्ञांनी खऱ्याखुऱ्या नोकरीच्या जाहिराती दिल्या. जवळजवळ २,५०० इच्छुकांपैकी काहींना सांगितलं होतं की पगारावर बोलणी होऊ शकतात, काहींना त्याबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. जिथे काही सांगितलं नव्हतं तिथे जास्त मागण्यात पुरुष पुढे होते. जिथे ‘बोलणी होऊ शकतात’ असं स्पष्ट होतं, तिथे हा फरक उरलाच नाही. इतक्या एका वाक्याने फरक पडतो! तुझ्या जाहिरातीत ते वाक्य नव्हतं. ते होतं असं समजून चाल.

आता आकड्याकडे येऊ. सध्याचा पगार सांगून टाकलास याची तुला खंत वाटते आहे, हे पत्रातून कळतं. झालं ते झालं, पण त्याने काय झालं ते समजून घे. १९७४ साली एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानमन यांनी एक प्रयोग मांडला. लोकांसमोर आकड्यांचं एक चाक फिरवलं. ते चाक १० वर किंवा ६५ वरच थांबेल असं बनवलेलं होतं. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांच्या सदस्यांमध्ये आफ्रिकी देश किती टक्के असतील? ज्यांनी १० पाहिले होते त्यांचा मधला अंदाज २५ आला, ज्यांनी ६५ पाहिले होते त्यांचा ४५. चाकाचा आणि प्रश्नाचा काडीचाही संबंध नव्हता. तरी आधी कानावर पडलेला आकडा डोक्यात रुतून बसला. तुझ्या बाबतीत तो आकडा १०० होता. ११२ कुठून आला? कामाची किंमत काढून आलेला नाही. तुझ्या १०० वर १२ चढवले, एवढंच. हा प्रश्न इतका अन्यायाचा ठरू शकतो की काही ठिकाणी कायद्यानेच त्याला मनाई केली आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सने २०१६ मध्ये तसा कायदा केला, युरोपीय संघानेही २०२३ च्या निर्देशात उमेदवाराला जुना पगार विचारायला बंदी घातली.

सांगितलेला आकडा आता परत घेता येणार नाही, आणि तो फुगवून सांगण्याच्या फंदात तर पडूच नकोस. पुढे पगारपत्रक मागतातच, आणि खोटं उघडं पडलं की ऑफर खरोखर जाते. तुला करायचं आहे ते वेगळंच. बोलणं तुझ्या जुन्या पगारावरून उचलून नव्या कामावर आणून ठेवायचं. ‘आजच्यापेक्षा किती जास्त’ हा त्यांचा प्रश्न आहे. ‘या कामाचे किती’ हा तुझा प्रश्न असू दे.

त्यासाठी एका मैत्रिणीच्या शब्दावर थांबू नकोस. असंच काम करणाऱ्या आणखी तिघा-चौघांशी बोल. ‘तुला किती पगार आहे’ असं विचारलं की लोक अवघडतात. ‘चार जणांची टीम आणि दोन गोदामं असलेल्या जागेसाठी मी किती मागायला हवेत?’ असं विचारलं की मोकळेपणाने सांगतात. नोकऱ्या जुळवून देणाऱ्या एजन्सीत कोणी ओळखीचं असेल तर त्यांनाही विचार, त्यांच्या डोळ्यांसमोरून रोज असे आकडे जातात. मग कागदावर दोन आकडे लिही. एक, जो तू तोंडाने म्हणशील. दुसरा, ज्याच्या खाली तू फोनवर हो म्हणणार नाहीस. दुसरा आकडा आत्ताच, घरी बसून, शांत डोक्याने लिहायचा. फोनवर ठरवायला गेलीस तर तो खाली घसरणार.

माझं मत विचारशील तर ठरलेल्या भागासाठी १२६ माग, आणि मनाशी ११४ ची रेघ ओढ. बदलते १२ त्याच्यावर. १२५ किंवा १३० असा गोळाबेरीज आकडा टाळ. मालिया मेसन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवलं आहे की नेमका आकडा सांगणाऱ्याने अभ्यास केला असावा असं समोरच्याला वाटतं. फक्त तो अभ्यास खरोखर केलेला हवा, कारण ‘१२६ कसे?’ हा प्रश्न येऊ शकतो. ‘१२० ते १३०’ अशी पट्टी सांगू नकोस. ऐकणाऱ्याला त्यातला १२० च ऐकू येतो.

ठरलेल्या भागासाठी मी इतका हट्ट का धरते, तेही सांगते. समज, आज बोलून तू ठरलेल्या पगारात वर्षाला फक्त १० जास्त मिळवलेस, आणि दर वर्षी ८ टक्के वाढ मिळाली. पहिल्या वर्षी १०, मग १०.८, मग त्याच्याही वर. पाच वर्षांची बेरीज ५८ च्या पुढे जाते. तुझ्या आजच्या अख्ख्या वर्षाच्या पगाराचा अर्ध्याहून जास्त हिस्सा, एका फोनचा. रुजू होताना एकदाच मिळणारी रक्कम पुढच्या वाढीत धरत नाहीत. ती मिळाली तर घे, पण ठरलेल्या पगाराच्या बदल्यात घेऊ नकोस.

आता फोन. मेलवर लिहून मोकळं व्हावंसं वाटेल, तरी फोनच कर, आणि बोलणं झाल्यावर ठरलेलं मेलने लिहून पाठव. मेलवर ‘नाही’ म्हणणं फार सोपं असतं. बोलायचं साधारण असं:

‘ऑफरबद्दल मनापासून आभार. मला हे काम करायचं आहे. तपशील नीट वाचले. ११२ पैकी ठरलेला भाग १०० आहे, म्हणजे माझ्या आजच्या पगाराइतकाच, आणि जबाबदारी मात्र चार जणांची टीम आणि दोन गोदामं अशी आहे. या कामाचा विचार करून ठरलेला पगार १२६ असावा, असं मला वाटतं. तो जमला तर मी लगेच होकार कळवते.’

एवढं बोल आणि गप्प बस.

हे गप्प बसणं सगळ्यांत कठीण असतं. एका उमेदवाराचा फोन मला अजून आठवतो. त्याने आकडा नीट सांगितला. आकडा रास्त होता, माझ्या मंजुरीच्या मर्यादेतला होता. मी समोरच्या कागदावर तो लिहून घेत होते, म्हणून बोलले नाही. पेन चालल्याचा आवाज त्याला थोडाच ऐकू जाणार? तीन-चार सेकंद गेले असतील. तेवढ्यात तो म्हणाला, ‘म्हणजे, थोडं कमी असलं तरी चालेल.’ मी लिहिलेला आकडा तिथेच राहिला आणि त्याच्या शेजारी दुसरा, खालचा आकडा आला. तो त्याने स्वतःच दिला होता आणि कंपनीच्या हिताचं बघणं हे माझं काम होतं. तो माणूस रुजू झाला, चांगलं काम केलं, आणि तो दिसला की मला तो कागद आठवायचा. म्हणून सांगते, पलीकडे शांतता पसरली की ती नाराजीच आहे असं धरू नकोस. कोणी लिहून घेत असतं, कोणी हिशोब करत असतं, कोणी वरिष्ठांना काय सांगायचं याचा विचार करत असतं.

उत्तर बहुतेक तीनांपैकी एक येईल. ‘बजेट नाही’ असं आलं तर विचार, ‘या जागेची मर्यादा किती आहे?’ आणि पुन्हा गप्प. अनेकदा तिथेच कळतं की अजून जागा आहे. ‘या ग्रेडला सगळ्यांना हाच पगार’ असं आलं तर ते खरं असू शकतं. मोठ्या संस्थांमध्ये ग्रेड मोडणं एचआरच्या हातात नसतं. मग विचार, की टीम सांभाळणारी जागा याच ग्रेडमध्ये कशी, वरच्या ग्रेडमध्ये घेता येईल का. तेही नाही जमलं तर बदलत्या १२ मधला काही भाग ठरलेल्यात टाकायला सांग. एकूण आकडा तोच राहतो, म्हणून हे बऱ्याचदा मान्य होतं.

तिसरं उत्तर, ‘आत्ता या, सहा महिन्यांनी बघू.’ या वाक्यावर मी स्वतः एकदा विश्वास ठेवला होता. तरुण होते, ‘तुम्ही ठरवाल ते’ असं म्हणाले आणि रुजू झाले. सहा महिन्यांनी ज्यांनी शब्द दिला होता ते दुसऱ्या विभागात गेले होते आणि त्यांच्या जागी आलेल्यांना त्याचा पत्ताही नव्हता. कुठे लिहिलेलं काही नव्हतं. त्यातून सावरायला मला दोन वर्षं लागली. म्हणून हे उत्तर आलं तर म्हण, ‘चालेल, ऑफर लेटरमध्ये तारीख आणि आकडा लिहून द्या.’ लिहून दिलं तर तो शब्द. नाही दिलं तर तो नाहीच असं समज.

बोलताना घरचे खर्च, कर्ज, मुलांचं शिक्षण काढू नकोस. ते सगळं खरं असलं तरी त्याने बोलणं कामावरून तुझ्या गरजेवर येतं, आणि गरजू माणसाला कमीत भागवता येतं असं समोरचा धरतो. ‘दुसरीकडून जास्त येतंय’ हेही खरोखर येत असेल तरच म्हण. आणि ‘सॉरी, पण…’ने सुरुवात करू नकोस. पुरवठादाराशी बोलताना तू सॉरी म्हणतेस का?

नाहीच जमलं, १०० अधिक १२ वरच ते अडून राहिले, तर माझ्या मते जाऊ नकोस. टीम सांभाळण्याचा अनुभव मोलाचा आहे हे मला मान्य आहे, आणि आज तुझी घुसमट होत असती तर मी वेगळा सल्ला दिला असता. पण तुझी नोकरी बरी चालली आहे, तुला याच दर्जाची ऑफर एकदा आली आहे, आणि पुढच्या वेळी कोणी जुना पगार विचारला तर तू म्हणू शकतेस, ‘आधी या जागेसाठी तुम्ही किती ठरवले आहेत ते सांगाल का?’ ११४ च्या जवळपास, म्हणजे ११० वगैरे, येऊन थांबले तर मग घरी बसून विचार कर. जायला किती वेळ लागतो, सुट्ट्या किती, वरचा साहेब मुलाखतीत कसा वागला, हे सगळं तिथे मोजायचं.

फोन शेवटच्या दिवशी करू नकोस. वाढीव आकड्याला कोणाची तरी सही लागते, आणि तो माणूस ऐन वेळी हाताशी नसतो. दोन-तीन दिवस हातात ठेवून, सकाळी कर. दार लावून घे, कागद समोर ठेव. त्याआधी ‘एकशे सव्वीस’च्या जागी तुझा खरा आकडा मोठ्याने म्हणून बघ, आवाज शेवटी वर जाऊन त्याचा प्रश्न होणार नाही तोपर्यंत. नवऱ्याला एचआर बनवून समोर बसव आणि त्यांना सांग की पहिल्यांदा नाहीच म्हणायचं.

काय झालं ते मला नक्की कळव. वाट बघते आहे.

– तुझी ताई